धोंड्याच्या दिवशी मायनसची वायर

जावई म्हणजे दहावा ग्रह, असं म्हणतात. म्हणणारे सगळे सासरे असतील, जावयाला कुणी विचारलेलं नाही. दयानंदला विचारलं असतं तर त्यानं सांगितलं असतं की बाबांनो, हा ग्रह सासुरवाडीच्या वाटेला लागला की लोहा गावापासूनच माघारी वळायची कारणं शोधायला लागतो.

आणि त्या दिवशी तर लोह्याच्या पुढं गतिरोधकावर गाडी आदळली, मागून खळ्ळकन आवाज आला आणि सायलेन्सर डांबरावर लोळायला लागला. उन्हाचा नुसता जाळ. दयानंदनं खाली वाकून बघितलं. सायलेन्सर ज्या पट्टीला लटकतो, ती पट्टीच तुटून गेली होती. शेजारच्या शेताच्या कुंपणाची तार तुटून पडलेली सापडली, ती गुंडाळून त्यानं कसाबसा सायलेन्सर वर बांधला. नवा पांढरा सदरा, त्यावर घाम, आणि हातभर काजळी.

"अहो, ऐकून घ्या," राजकन्या गाडीत बसल्या बसल्या म्हणाली. "आज बाबाला 'नाही' म्हणायचं न्हाई. एकदा बी न्हाई. ते काय बी म्हणूंद्या, तुम्ही 'व्हय मामा' म्हणायचं."

"काय बी?"

"काय बी. धोंड्याचा महिना तीन वर्षांनी येतो. आपला पयलाच हाय. आज बिघडलं तर मग बसा तीन वर्षं तोंडं फिरवून."

राजकन्येचं म्हणणं खोटं नव्हतं. सासऱ्यांनी, म्हणजे कंधारच्या सटवाजींनी, जावयाशी वर्षभर धड एक शब्द काढला नव्हता, आणि चूक कुणाची हे राजकन्येच्या माहेरचं शेंबडं पोर सुद्धा सांगू शकलं असतं. झालं असं होतं, की दयानंदनं लातुरात घर बांधलं तेव्हा वास्तुशांतीला सटवाजींनी लेकीसाठी स्वतःच्या हातानं लोखंडी झोपाळा करून आणला. सटवाजी वेल्डिंगवाले. ट्रॉल्या, नांगर, गेट, शाळेचे बाक, कंधार तालुक्यात लोखंडाचं काय तुटलं तर ते त्यांच्या शेडमध्ये येतं. आणि या शहाण्यानं, मंडपात दोन्हीकडची भावकी बसलेली असताना, झोपाळ्याला हात लावून, वाकून, म्हणावं काय? "मामा, याची जोड कच्ची वाटून राहिली. हे बाहेर ठेवा, कुणी बसू नका." बास. सटवाजी जेवले, विडा खाल्ला, टोपी घातली आणि गेले. तेव्हापासून फोन आला की "राजी हाय का?" आणि राजी नसली की फोन बंद. झोपाळा गच्चीवर गेला, त्यावर राजकन्या पापड वाळवते आणि पापड बघून रडते.

बरं, दयानंद वाईट माणूस नाही हो. मनात काही नाही, पण तोंडात जिभेला लगाम नाही. लातुरात एका गाड्यांच्या शोरूममध्ये तो काउंटरवर बसतो. गिऱ्हाइकं तक्रारी सांगतात, हा लिहून घेतो. दिवसभर लोकांच्या गाड्यांच्या खोड्या ऐकून ऐकून त्याला खोड काढायची सवयच लागली होती.

गाडी दारात थांबली. सासूबाई धुरपताबाई भाकरीचा तुकडा आणि पाण्याचा तांब्या घेऊन तयारच होत्या. तुकडा ओवाळला, पाणी पायावर घातलं, "या जावईबापू" म्हणाल्या. सटवाजी शेडमधून बाहेर आले. जावयाकडं त्यांनी बघितलंही नाही, सरळ गाडीच्या मागं जाऊन खाली वाकले.

"हे कव्हा तुटलं?"

'राजी हाय का?' सोडून वर्षभरातला पहिला शब्द, आणि तो सायलेन्सरला उद्देशून! तरी दयानंदला गहिवरून आलं.

"लोह्याच्या म्होरं, मामा."

"तारंनं बांधलं व्हय." सटवाजींनी तारेला बोट लावून बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू एक तेज यायला लागलं. जावयाचं काहीतरी तुटलंय आणि ते जोडायचंय, याहून मोठा योग देवानं त्यांच्या पत्रिकेत लिहिलाच नव्हता. "तार किती टिकंल? म्या टाका मारून देतो. आत्ता लाइट हाय, दुपारून जाती. तुम्ही जेवाय बसा, तवर झालं म्हणून समजा. आमची जोड कशी असती तेबी कळंल."

शेवटचं वाक्य ते सायलेन्सरकडं बघून बोलले, पण ते कुणाला लागायचं त्याला बरोबर लागलं.

आता इथं दयानंदला 'थांबा मामा' म्हणून ओरडावंसं वाटलं. कारण मागच्याच महिन्यात शोरूममध्ये एक गाडी दोरी बांधून ओढत आणली होती. मालकानं गावात पुढचं गार्ड वेल्डिंग करून घेतलं, बॅटरी तशीच जोडलेली, आणि वेल्डिंगच्या करंटनं गाडीचा कॉम्प्युटर जळून खाक. गाडी धड चालेना, काच खाली होईना, वायपर तेवढे आपोआप फिरत होते. मालक काउंटरवर डोकं ठेवून बसला होता, त्याला पाणी दयानंदनंच दिलं. तेव्हा मेकॅनिकनं सांगितलं होतं, की बाबा, आजकालच्या गाडीवर वेल्डिंग करायचं तर आधी बॅटरीची मायनसची वायर काढायची आणि मशीनचा अर्थिंगचा चिमटा जिथं जोडायचं तिथंच, अगदी जवळ लावायचा. एवढं साधं.

एवढं साधं सांगायचं होतं. "मामा, आधी मायनस काढू." पण सांगणार कुठल्या तोंडानं? ज्या तोंडानं झोपाळ्याची जोड कच्ची म्हटलं होतं, त्याच तोंडानं आता 'तुम्हाला वेल्डिंगच्या आधी काय करायचं ते कळत नाही' म्हणायचं? त्यानं तोंड उघडलं. राजकन्येनं त्याच्याकडं बघितलं. बाईनं नुसते डोळे मोठे केले, पण त्या डोळ्यांत तीन वर्षं आणि गच्चीवरचे सगळे पापड होते.

"व्हय मामा," दयानंद म्हणाला.

याला म्हणतात तोंड दाबून बुक्क्यांचा मार.

सटवाजी मशीन बाहेर काढायला शेडमध्ये गेले आणि दयानंदच्या डोक्यात किडा वळवळला. बोलायचं नाही ना? नाही बोलणार. पण करायला कुणी बंदी केली नाही. "मोबाइल गाडीत राहिला," असं म्हणून तो बाहेर सटकला. गाडीतला दहाचा पाना काढला, बोनट उचललं, इकडं तिकडं बघितलं, मायनसची वायर ढिली केली आणि बाजूला लोंबत सोडली. सासुरवाडीत स्वतःच्याच गाडीत चोरी करणारा जगातला पहिला जावई तोच असेल. बोनट आपटल्याशिवाय लागत नाही, आणि आपटलं तर आवाज होणार, म्हणून त्यानं ते नुसतं अलगद टेकवलं. घाईत पाना बॅटरीवरच राहिला. काळा झालेला हात पाठीमागं लपवून तो आत आला आणि हात धुताना स्वतःवर इतका खूश झाला की आरशात बघून हसला.

पाट मांडलेला, भोवती रांगोळी, समया लावलेल्या. धुरपताबाईंनी जोडप्याला ओवाळलं, दिवा लावलेल्या ताटात तेहतीस अनारसे ठेवून दिले. सटवाजींनी जावयाच्या खांद्यावर नवं उपरणं टाकलं, कपाळाला कुंकू लावलं, आणि तोंडातल्या तोंडात "जेवा सावकाश" म्हणून बाहेर गेले. लाइट जायच्या आत त्यांना काम उरकायचं होतं. ताटात पुरणाचे धोंडे, वर साजूक तूप, बाजूला आमरसाची वाटी, कुरडया, भजी.

"एक सांगते जावईबापू," धुरपताबाई वाढता वाढता म्हणाल्या, "धोंडे संपल्याबिगर पाटावरून उठायचं न्हाई. अर्ध्यातून उठलं की वर्ष वाईट जातं. आमच्या चुलत्याच्या घरी उठला होता जावई. म्हस मेली."

"न्हाई उठत, मामी."

"आन मी जरा येते बाहिरून. तुमचं कुंकू झालं, तुमच्या वाहनाचं ऱ्हायलंच की. लक्षुमी हाय ती बी." हळदीकुंकवाची ताटली घेऊन त्या बाहेर गेल्या.

दयानंदनं पहिला धोंडा तुपात बुडवला. पाठ अंगणाकडं होती, तोंड भिंतीकडं, त्यामुळं दिसत काही नव्हतं, ऐकू तेवढं येत होतं. धुरपताबाईंच्या बांगड्या वाजल्या, कसली तरी खुडबुड झाली, बोनट आपटल्याचा आवाज आला. असेल, कुंकू लावायला बाई जोरात हात आपटतात. मग त्या हात पुसत आत आल्या, चेहऱ्यावर समाधान.

"झालं बाई मनासारखं," म्हणाल्या आणि आणखी एक धोंडा वाढला.

बाहेर वेल्डिंगची चरचर सुरू झाली. भिंतीवर निळा उजेड लखलखला. एरवी त्या आवाजानं दयानंदच्या घशाखाली घास उतरला नसता, पण वायर काढलेली होती! चरचर ऐकत त्यानं दुसरा धोंडा मागून घेतला, तूप जास्त मागितलं, आमरसाची वाटी दुसऱ्यांदा भरून घेतली. राजकन्येनं त्याच्याकडं कौतुकानं बघितलं. लग्नाच्या दिवसानंतर इतकं कौतुक त्याच्या वाट्याला आलंच नव्हतं.

आणि गाडीचा हॉर्न वाजला.

"पँऽऽ... पँऽऽ... पँऽऽ..."

दयानंदचा घास तोंडातच थांबला. बॅटरी नसलेली गाडी ओरडत नसते. हे समजायला शोरूमच्या काउंटरवर बसावं लागत नाही. म्हणजे बॅटरी होती. म्हणजे करंट चालला होता सरळ गाडीच्या काळजात.

"पँऽऽ... पँऽऽ..."

त्यानं ताटाकडं बघितलं. अर्धा धोंडा. त्यानं सासूकडं बघितलं. सासूच्या डोळ्यांत मेलेली म्हैस. पण हॉर्न काही थांबेना, आणि शेवटी दयानंद उठला. तोंडात धोंडा, हातात आमरस, खांद्यावरचं उपरणं पायात अडकलेलं, आणि मागून धुरपताबाईंचं "अगं बाई, उठले! उठले गं!"

अंगणात सटवाजी गाडीखालून सरपटत बाहेर येत होते. तोंडावरचा काळ्या काचेचा मुखवटा डोक्यावर सरकवलेला, हातात होल्डर. दोघं समोरासमोर आले आणि दोघंही एकदमच ओरडले,

"वायर तर काढली हुती!"

हॉर्न वाजतच होता. काय बोललो ते दोघांच्याही कानांना उशिरा ऐकू आलं.

सटवाजी आधी भानावर आले. त्यांनी मशीनचा खटका पाडला. दयानंदनं बोनट उचललं. मायनसची वायर जागच्या जागी, गच्च आवळलेली, वर हळदीचं बोट, कुंकवाचं बोट आणि दोन अक्षता. पाना तिथंच होता. त्यानं पाना फिरवून वायर काढली आणि हॉर्न एकदाचा गप्प झाला. तोवर गल्लीतली सगळी भावकी दारात जमली होती. हॉर्न वाजल्यावर येणार नाहीत तर ती भावकी कसली.

"तुमाला... तुमाला कसं म्हायती वायर काढली ते?" दयानंदनं विचारलं. तोंडातला धोंडा अजून गेलेला नव्हता.

"शेडच्या फटीतून दिसलं," सटवाजी म्हणाले. "तुम्ही चोरावाणी बोनट उचलून राहिला हुता. म्हणलं जावयाला आपल्यावर भरोसा न्हाई. ऱ्हाऊंद्या. काढली तर काढली, आपुन कामून बोला?"

"मंग तुमाला ठावं हाय मायनस काढावी लागती?"

"म्या काय आज जोडाय लागलो का लोखंड? पिकअप येती, जीप येती, बोलेरो येती, पयली मायनस काढाय लावतो! अर्थिंग कुठं लावलंय बगा की. जोडीपासून वीतभर बी लांब न्हाई!"

"मंग बोलला कामून न्हाईत?"

"तुम्ही बोलला का?"

सटवाजींनी घाम पुसला आणि बायकोकडं बोट दाखवलं. "हिनं शपथ घातली हुती. आज जावयाला उलट शब्द बोलायचा न्हाई, काय विचारायचं न्हाई, म्हणून."

"मला बी राजीनं..." दयानंद म्हणाला.

सगळ्यांच्या माना राजकन्येकडं वळल्या. राजकन्या पदराआड गेली. आणि मग सगळ्यांना एकदमच प्रश्न पडला, की एकानं काढली, दुसऱ्यानं बघितली, मग लावली कुणी?

"ती लोंबती वायर व्हय?" धुरपताबाई दारातून म्हणाल्या. "ती म्या बसवली. हे मशीनपाशी शेडमधी हुते, म्या कुंकू लावाय गेले तं बोनट अर्धं उघडं. आत बघते तं वायर निघून लोंबायली, पाना शेजारीच. म्हणलं वाटंनं हादऱ्यानं निसटली आसंल. जावयाच्या लक्षुमीचं डोरलं सुटल्यावाणी दिसलं मला. बसवली आन गच्च आवळली. तीस वर्षं ह्यास्नी पाने देऊन राहिले, एवढं येत न्हाई व्हय मला?"

करायला गेले गणपती आणि झाला मारुती. भावकीतून कुणीतरी फिस्सकन हसलं. दयानंदला मात्र हसू येईना. त्याच्या डोळ्यापुढं आपोआप फिरणारे वायपर आणि काउंटरवर डोकं ठेवलेला तो माणूस दिसत होता. गाडी गेली तर गेली, पण सटवाजींच्या हातानं गेली, आणि तीही धोंड्याच्या दिवशी, म्हणजे हा माणूस जन्मात परत आपल्या दारात पाय ठेवणार नाही, याचं त्याला खरंच रडू यायला लागलं.

सटवाजींनी त्याला बाहीला धरून शेडमध्ये, मशीनच्या आडोशाला नेलं. आवाज खाली आणला.

"एक सांगतो. ऐकून घ्या. तो झोपाळा..."

"मामा, चुकलं माझं."

"थांबा. जोड कच्चीच हुती."

दयानंदनं वर बघितलं.

"त्या दिवशी लाइट कमी जास्त होऊन राहिली हुती. एक टाका बसलाच न्हाई. मला ठावं हुतं. म्हणलं लाइट नीट आली की परत मारू, तवर वास्तुशांती आली." सटवाजी जमिनीकडं बघत होते. "तुम्ही खोटं बोलला न्हाई. पर चारचौघात बोलला. आन आज काय केलं? आज चोरून केलं. आरं बाबा, चारचौघात बी नगं आन चोरून बी नगं. कानात सांगावं की! मला दोन कान हायेत. सासरा हाय म्या, वैरी हाय का?"

उपरण्यानं दयानंद डोळे पुसत होता आणि बोनटला लावलेल्या हाताची काजळी कपाळभर फासत होता. सटवाजींनी त्याच्या हातातली आमरसाची वाटी काढून घेतली, कारण ती त्यांच्या मशीनवर सांडायला लागली होती.

मग दोघं बाहेर आले. राहिलेलं काम सुरू झालं. या खेपेला दयानंदनं चिमटा धरला, वायर बॅटरीपासून लांब नेऊन फडक्यात बांधली, आणि धुरपताबाईंना शेजाऱ्याच्या ओट्यावर बसवून ठेवलं, पाना त्यांच्यापासून लांब ठेवून. सटवाजी गाडीखाली गेले, चरचर झाली, बाहेर आले. वायर जोडली. आता किल्ली.

भावकी दोन पावलं पुढं सरकली. राजकन्या तोंडात पदराचा बोळा घेऊन उभी. दयानंदनं किल्ली फिरवली. पुढचे सगळे लाल पिवळे दिवे एकदम पेटले. इंजिन कुंथलं, थांबलं. परत फिरवली. आणि गाडी सुरू झाली!

"सुरू झाली गं माय!" धुरपताबाईंनी ओट्यावरूनच हात जोडले. दिवे एकेक करून विझले. एअरबॅगचा एक तेवढा राहिला, पोटापुढं गोळा धरून बसलेल्या माणसाचा, लाल. काही केल्या जाईना. गाडीतल्या घड्याळानं बाराच वाजवून ठेवले होते. एवढ्यावर निभावलं म्हणजे सटवाजींनी अर्थिंग बरोबर लावलं म्हणूनच, हे दयानंदला कळलं, आणि तो दिवा लातूरला जाऊन बघू, असं तो स्वतःशी म्हणाला.

"बगा आता जोड," सटवाजी भावकीला ऐकू जाईल असं म्हणाले. छाती बाहेर आली होती. "जन्मात हलायची न्हाई."

दयानंद जोड बघायला खाली वाकला. सवय, दुसरं काय! चालू गाडीच्या सायलेन्सरवर, नव्या टाक्याच्या कडेला, सुईच्या टोकाएवढं छिद्र होतं आणि त्यातून धूर फुस्स फुस्स बाहेर येत होता.

तो उठला. सगळी भावकी त्याच्या तोंडाकडं बघत होती. राजकन्येनं डोळे मिटून घेतले. दयानंदनं तोंड उघडलं, मिटलं, मग दोन पावलं पुढं टाकून सासऱ्याच्या अगदी जवळ गेला आणि त्यांच्या कानाला तोंड लावून काहीतरी सांगितलं. आमरसाचा वास सटवाजींच्या मिशीत शिरला.

सटवाजींनी सायलेन्सरकडं तिरकी नजर टाकली. मग त्यांनी मिशी पुसली.

"काय म्हणले ओ जावई?" भावकीतून कुणीतरी विचारलं.

"काय न्हाई. जोड लई बेस झाली म्हणले." सटवाजींनी डोक्यावरचा मुखवटा खाली ओढला आणि जावयाच्या पाठीवर थाप मारली. "तुम्ही जा, धोंडा अर्धा ऱ्हायलाय. आन जाता जाता गाडी बंद करा." मग ओट्याकडं बघून ते ओरडले, "धुरपते, उठ. वायर काढ."